पांढरा चहा, कोरा चहा आणि आपल्या घरचं रक्त

मागच्या हिवाळ्यात औसा तालुक्यातल्या एका गावात हरभऱ्याची शेतीशाळा घेतली. घाटेअळी, कामगंध सापळे, पक्षीथांबे हे सगळं सांगून झालं आणि नेहमीप्रमाणे सरपंचांच्या ओसरीवर चहाला बसलो. पण त्या दिवशी नेहमीचा चहा आला नाही. सरपंचांचा मुलगा पुण्याला नोकरीला असतो. त्याने एक डबी आणली होती. डबीवर मोठ्या अक्षरांत 'व्हाइट टी' आणि खाली बारीक अक्षरांत गुणांची यादी : वजन घटते, साखर आटोक्यात राहते, कर्करोगापासून बचाव होतो, कातडी तरुण राहते. पन्नास ग्रॅमला पाचशे रुपये.

"पांढरा च्या म्हणजे दूध जास्त घातलेला का?" एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं. सगळे हसले. मग कप आले. आत गव्हाच्या काडासारखं फिकट पिवळं पाणी. दूध नाही, साखर नाही. आबांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "साहेब, हा तर कोरा च्या आहे. तो बी पातळ."

पुन्हा हशा झाला. पण सरपंचांनी मात्र दोन प्रश्न मनापासून विचारले. हा चहा खरंच तब्येतीला चांगला असतो का? आणि दुसरा, तो आपल्या शिवारात येतो का? "सोयाबीनला भाव नाही. हे येत असेल तर दोन एकर लावून बघतो." त्या वेळी मी थोडक्यात उत्तर दिलं. परंतु हे प्रश्न त्यानंतर आणखी तीन गावांत कानावर आले, म्हणून आज सविस्तर लिहितो. लिहिता लिहिता चहाविषयी जे सांगायला पाहिजे ते वेगळंच आहे असं ध्यानात आलं. तेही सांगणार आहे.

झाड एकच, तऱ्हा वेगळी

पहिली गोष्ट ही, की पांढऱ्या चहाचं झाड वेगळं नसतं. आपण टपरीवर पितो तो काळा चहा, शहरात पितात तो हिरवा चहा आणि हा पांढरा चहा, तिन्ही एकाच झाडाचे. तुरीचंच बघा. शेंग ओली असताना सोलून सोले काढले तर त्याची आमटी होते, वाळवून गिरणीत भरडली तर डाळ होते. झाड तूरच. चहाचं तसंच आहे.

काळ्या चहासाठी दोन पानं आणि एक कळी खुडतात, ती सुकवतात, यंत्रात चुरगाळतात आणि हवेत ठेवून रंग काळपट होऊ देतात. मग भाजून वाळवतात. पांढऱ्या चहात चुरगाळणं नाही आणि रंग चढवणंही नाही. कोवळ्या कळ्या, फार तर सोबत एक-दोन कोवळी पानं, खुडायची, पसरून सुकवायची आणि वाळवायची. एवढंच. त्या कळीवर बारीक पांढरी लव असते, तिच्यावरून नाव पडलं पांढरा चहा. मूळचा हा माल चीनच्या फुजियान प्रांतातला. आपल्याकडे दार्जिलिंग, आसाम आणि निलगिरीच्या काही मळ्यांत तो आता तयार होतो.

महाग का, तर कळी तेवढीच घ्यायची असल्यामुळे मजुरी फार लागते आणि माल थोडा निघतो. सरपंचांच्या डबीचा भाव किलोला दहा हजार रुपये पडला. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे किलोभर पांढऱ्या चहासाठी जवळजवळ दोन क्विंटल सोयाबीन घालावं लागेल. हा हिशेब प्रत्येकाने मनात ठेवावा आणि मगच पुढचं वाचावं.

गुण किती खरे

चहाच्या पानात कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं असतात. पांढऱ्या आणि हिरव्या चहात ती बऱ्यापैकी शाबूत राहतात. काळ्या चहात त्यांचं रूप बदलतं, पण बदललेली द्रव्यंही निरुपयोगी नसतात. ही द्रव्यं शरीरातल्या पेशींची झीज रोखायला मदत करतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. काचेच्या नळीतल्या पेशींवर आणि उंदरांवर चांगले परिणाम आले आहेत. इथपर्यंत डबीवरचं खरं.

पण कुंडीत आलेलं पीक पाहून आपण एकरी उतारा सांगत नाही. माणसांवर वर्षानुवर्षं केलेले मोठे अभ्यास पांढऱ्या चहाचे नाहीत. त्यामुळे 'कर्करोग टळतो', 'साखर जाते' असं छातीठोक सांगणारा माणूस माल विकायला बसला आहे, हे ओळखावं. मधुमेहाची गोळी बंद करून कोणी पांढरा, हिरवा, निळा कसलाही चहा सुरू करू नये. तसंच वजन घटवायला म्हणून चहाच्या अर्काच्या गोळ्या मिळतात. हिरव्या चहाच्या तशा अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कपातला चहा वेगळा आणि गोळीतला अर्क वेगळा.

'यात कॅफीन नसतं' हेही विक्रेते सांगतात. ते चूक आहे. कोवळ्या कळीत कॅफीन चांगलंच असतं. पाणी किती गरम आणि किती वेळ भिजवलं, यावर ते कपात किती उतरतं हे ठरतं. ज्यांना चहाने झोप लागत नाही किंवा छातीत धडधडतं, त्यांनी रंगावर जाऊ नये.

एक गुण मात्र मी मोकळेपणाने कबूल करतो. चहाचं झाड जमिनीतलं फ्लोराइड ओढून घेतं आणि ते जुन्या पानांत साठतं. कळीत ते कमी असतं. मराठवाड्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यांना हे महत्त्वाचं वाटेल. पण अशा गावात चहा बदलून भागत नाही, पाणी बदलावं लागतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना तपासून घ्यावा, हा उपाय दहा हजारांच्या चहापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

आता एक गंमत सांगतो. २०२२ साली ब्रिटनमधल्या लोकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ पाच लाख माणसांची सुमारे अकरा वर्षं नोंद ठेवली होती. रोज दोन किंवा जास्त कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा नऊ ते तेरा टक्क्यांनी कमी दिसलं. आणि ही माणसं कोणता चहा पीत होती? बहुतेक सगळी साधा काळा चहा. अशा अभ्यासावरून 'चहामुळेच आयुष्य वाढलं' असं ठामपणे म्हणता येत नाही, चहा पिणाऱ्यांच्या इतर सवयीही त्यात येतात. पण एवढं नक्की, की जो काही फायदा असेल तो मिळवायला दहा हजारांची कळी लागत नाही. किराणा दुकानातली पत्ती पुरते.

आपल्या शिवारात येतो का

नाही. स्पष्ट सांगतो, नाही. चहाला आम्ल जमीन लागते, सामू साडेचार ते साडेपाच. आपल्या काळ्या जमिनीचा सामू साडेसात ते साडेआठ, आणि वर चुनखडी. चहाला वर्षभर विखुरलेला भरपूर पाऊस लागतो. लातूर जिल्ह्याची सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास, तीही चार महिन्यांत, आणि त्यातही मधेच महिन्याचा खंड. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे चहाचा मळा उभा राहत नाही.

हे इतकं उघड असताना का लिहितो? कारण सफेद मुसळी आली तेव्हाही उघड होतं. इमू आला तेव्हाही उघड होतं. रोपं विकणारा, पिल्लं विकणारा पैसे घेऊन गेला आणि खरेदीची हमी कागदावर राहिली. उद्या कोणी 'पांढऱ्या चहाची रोपं, मालाची हमखास खरेदी' असा कागद घेऊन गावात आला तर त्याला आधी मातीचा तपासणी अहवाल दाखवा. सामू वाचून तो काय बोलतो ते ऐका.

कोऱ्या चहाची लाज

आता मुद्द्यावर येतो. आबा म्हणाले होते, 'हा तर कोरा च्या.' ते शंभर टक्के बरोबर बोलले. पांढऱ्या चहाचा जो खात्रीचा फायदा आहे, तो कळीत कमी आणि कपात काय नाही यात जास्त आहे. त्यात साखर घालत नाहीत, तो उकळून कडू करत नाहीत आणि घाईने ढोसत नाहीत.

आपल्याकडे कोऱ्या चहाची लाज आहे. ज्या घरी जनावर आटलं, दूध विकत आणायला पैसा नाही, त्या घरी कोरा चहा. पाहुणा आला तर बाई शेजारून वाटीभर दूध मागून आणते, पण कोरा देत नाही. आणि शहरातली माणसं बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा पाचशे रुपयांच्या डबीतून पितात आणि त्याला आरोग्य म्हणतात. मी दुधाच्या विरोधात नाही. दूध हा आपला जोडधंदा आहे आणि पोरांच्या पोटात ते गेलंच पाहिजे. पण चहात दूध नाही म्हणून कोणी मान खाली घालू नये, एवढंच म्हणणं.

तसा चहा आपल्याकडे जुना नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं. वाद मिशनऱ्यांच्या हातच्या चहाचा होता हे खरं, पण चहा तेव्हा किती नवा होता तेही त्यातून दिसतं. आज चहाशिवाय चावडीवर कागद हलत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांत त्याने घर केलं. घर करताना तो न्याहारीच्या जागी जाऊन बसला, आणि खरं दुखणं तिथे आहे.

चुनखडीची जमीन आणि चहाचा कप

तुमच्यापैकी बहुतेकांनी सोयाबीन पिवळं पडलेलं पाहिलं असेल. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. लोहाची कमतरता. माती तपासली तर गंमत अशी की जमिनीत लोह भरपूर असतं. काळ्या मातीत लोहाला तोटा नाही. पण चुनखडी ते अडवून धरते, मुळाला मिळू देत नाही. मग आम्ही सांगतो, हिराकस फवारा, दहा लिटरला पन्नास ग्रॅम, सोबत निम्मा चुना. दहा वर्षं मी हे गावोगाव सांगत आलो.

आणि माझ्याच घरात तेच घडत होतं ते मला दिसलं नाही. घरी पहिलं बाळंतपण होतं. चौथ्या महिन्यात तपासलं तर रक्त ८.६ भरलं. गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की कमी समजतात. लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या. मंडळींनी एक दिवस चुकवला नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं, ८.८. मला वाटलं गोळ्यांतच दम नाही. तिथल्या सिस्टरने एकच प्रश्न विचारला, "ताई, गोळी कशाबरोबर घेता?" उत्तर आलं, "सकाळी चहाबरोबर. नुसत्या पाण्याने मळमळतं."

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. चहातली तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून रक्तात जाऊ देत नाहीत. गोळी पोटात जाते आणि तशीच बाहेर पडते. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. चुनखडीचं सूत्र मला तोंडपाठ होतं. गोळीत असतं तेही बहुधा हिराकसच, शुद्ध केलेलं. पिकाला ते कसं लागू पडतं हे मी जिल्हाभर सांगत होतो आणि घरात रोज सकाळी चहाचा कप मीच हातात देत होतो.

त्या दिवसापासून गोळी दुपारी जेवणानंतर तासाभराने, लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा गोळीपासून लांब. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी, कारण तीही लोहाच्या आड येते. बाळंतपणापर्यंत रक्त १०.४ वर आलं. आई आणि बाळ सुखरूप आहेत. रक्त कमी असायला जंत, पाळीचा जास्त स्राव, आहारातला तुटवडा अशी आणखी कारणं असतात, म्हणून डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे. पण गोळी चालू असूनही रक्त वाढत नसेल तर आधी कप कुठे आहे ते बघा.

ही गोष्ट माझ्या एकट्याच्या घरची नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. शेतात खुरपायला गेलेल्या दहा बायांपैकी पाच जणींना धाप लागते, चक्कर येते, आणि आपण म्हणतो 'बाया हल्ली कामच करीत नाहीत'.

त्यांचा दिवस आठवा. पहाटे उठल्या की उपाशीपोटी चहा. स्वयंपाक करून, डबे भरून, चहात शिळी भाकरी बुडवून खातात आणि शेताला जातात. दुपारी बांधावर भाकरी-भाजी खाल्ली की किटलीतला चहा लगेच. ज्वारी, बाजरी, डाळ, चाकवत, शेपू या सगळ्यांत लोह आहे. पण वनस्पतीतलं लोह मुळातच शरीराला कमी लागू पडतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर जे लागू पडायचं ते निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतं. बाई भाकरी खाते आणि चहा ती भाकरी पुसून टाकतो.

पांढरा चहा प्यायला तर? तेच. त्यातही तुरट द्रव्यं आहेतच. किंबहुना ज्या द्रव्यांची डबीवर जाहिरात आहे, तीच जेवणाबरोबर घेतली तर लोहाच्या आड येतात. म्हणून चहाच्या रंगाआधी त्याची वेळ बघायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यात हेच सांगितलं आहे : जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळा.

साखरेचा हिशेब

दुसरी गोष्ट साखरेची. आपला जिल्हा उसाचा आणि गुळाचा, तेव्हा हे लिहिताना थोडं जड जातं. पण हिशेब हा हिशेब. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे दहा ग्रॅम. दिवसाचे चार कप धरले तर चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आपण नुसत्या चहातच ती ओलांडतो. टपरीवरचा चहा त्याहून गोड.

पाच माणसांच्या घरात चाळीस ग्रॅमने महिन्याला सहा किलो साखर चहात जाते. प्रत्येक कपाला एक चमचा कमी केला तर वर्षाला छत्तीस किलो साखर वाचते. तिचे पैसे तुम्हीच मोजा. गुळाचा चहा चवीला चांगला, पण शरीराला गूळही साखरच. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचं पुढे आलं. हा आता फक्त शहरातला रोग राहिलेला नाही. एकदम सोडू नका, जमत नाही. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. दोन महिन्यांत जुना चहा तुम्हालाच पाकासारखा लागेल.

बांधावरचा चहा

'चहा नको तर काय प्यावं?' असं कोणी विचारील. माझं म्हणणं चहा सोडा असं नाहीच. दिवसाचे दोन-तीन कप, कमी साखरेचे, जेवणापासून तासाच्या अंतराने खुशाल घ्या. त्यावर आणखी तलफ आली तर बांधावर गवती चहाचं बेट आहेच. चार पाती, आल्याचा तुकडा, नुसत्या पाण्यात उकळा. त्यात कॅफीन नाही. खर्चही नाही.

आणि आपली करडई आहे. तिच्या पाकळ्यांचाही चहा करतात, रंग केशरी-पिवळा येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पाकळ्यांच्या वापरावर काम केलं, बिनकाट्याचा 'नारी-६' वाण दिला. काट्याच्या करडईत हात घालून पाकळ्या वेचणं किती त्रासाचं आहे ते मराठवाड्याला सांगायला नको. पांढऱ्या चहाचा मळा आपल्याकडे होणार नाही, पण करडई आपल्या काळ्या जमिनीत ओलाव्यावर येते. बिया तेलाला आणि फूल सुकत आल्यावर पाकळ्या वेगळ्या. एखाद्या बचत गटाने ओळखीचं गिऱ्हाईक आधी पक्कं करून अर्ध्या एकरावर करून बघायला हरकत नाही. मात्र जो तराजू पांढऱ्या चहाला लावला तोच करडईलाही लावला पाहिजे. तो पाकळ्यांचा चहा आहे, औषध नाही. गरोदर बायांनी, पाळीत जास्त रक्त जाणाऱ्यांनी आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तो घेऊ नये. आणि लोहाच्या गोळीबरोबर कुठलाच काढा नको.

साध्या पत्तीचीही एक पारख सांगून ठेवतो. सुटी पत्ती घेत असाल तर चिमूटभर पांढऱ्या ओल्या कागदावर टाका. लगेच लाल-तपकिरी रंगाचे ओघळ सुटले तर पत्तीला रंग दिलेला आहे. चांगली पत्ती गार पाण्यात लगेच रंग सोडत नाही.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि आमच्या खात्याचे माझे सहकारी, हे काम आपल्या हातातलं आहे. याला योजना लागत नाही, निधी लागत नाही.

ग्रामसभेत आणि आरोग्य व पोषण दिनाला आशाताई, अंगणवाडीताई गोळ्या वाटतात. वाटताना एक वाक्य जोडायचं : गोळी चहाबरोबर नको, लिंबू-पाण्याबरोबर. नुसती गोळी दिल्याचा आकडा रजिस्टरला भरतो, रक्ताचा आकडा भरत नाही. शाळेतल्या मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते, तिथेही हेच.

ज्यांच्या शेतावर मजूर बाया येतात त्या शेतकऱ्यांनी दुपारच्या भाकरीबरोबर येणारी किटली तासभर पुढे ढकलावी. चहा बंद करा असं कोणी म्हणत नाही. तो मजुरांचा हक्क आहे आणि तो द्यायलाच हवा. फक्त जेवणाच्या वेळी लिंबू, चिंच किंवा आवळा ठेवा आणि चहा तीन वाजता द्या. आंबट पदार्थ लोह लागू पडायला मदत करतात. रुपयाच्या लिंबात जे काम होतं, ते पाचशेच्या डबीत होत नाही.

आणि आपल्या बैठकांत साखर वेगळी ठेवायची रीत पाडा. ज्याला हवी त्याने घालावी. कोरा मागणाऱ्याकडे कोणी कीव करून बघू नये.

सरपंचांच्या त्या दोन प्रश्नांचं उत्तर असं आहे. पांढरा चहा वाईट नाही. पाहुण्याने आणला तर आनंदाने प्यावा, जेवणापासून तासभर लांब. पण त्याच्यासाठी सोयाबीन विकू नका आणि त्याची रोपं घेऊ नका. त्याचे खात्रीचे गुण, कमी साखर आणि न उकळलेला हलका चहा, आपल्या चुलीवरही मिळतात. उद्या सकाळी घरात कोणी लोहाची गोळी घ्यायला लागलं तर जवळचा चहाचा कप उचलून बाजूला ठेवा. तो तासाभराने प्या.